बाबा सगळ्यांचे होते, मग माझे किती?

ताई,

बाबांना जाऊन आठ महिने झाले. दिवसभर कारखान्यातली पाळी, संध्याकाळी दोन ठिकाणी हिशेब लिहिण्याचं काम, आणि उरलेला सगळा वेळ वस्तीतल्या मंडळाला. कुणाला मध्यरात्री दवाखान्यात न्यायचंय, कुणाच्या मुलाची फी अडलीय, कुणाचा अर्ज भरायचाय, बाबा हजर. आम्हा दोघा भावंडांची शिक्षणं त्यांनी कुणापुढे हात न पसरता केली. शोकसभेत अकरा माणसं बोलली. त्यातल्या बहुतेक गोष्टी मी पहिल्यांदा ऐकत होते. मला रडू कोसळलं, लोकांनी पाठीवर हात ठेवला. खरं सांगू का, ते रडू हेव्याचं होतं. माफ करा, असं लिहायला नको, पण होतं.

आता वर्ष पूर्ण होताना मंडळ छोटी स्मरणिका काढणार आहे आणि पहिला लेख मी लिहायचा आहे. तीनदा बसले. ‘माझे बाबा अत्यंत कष्टाळू, कुटुंबवत्सल आणि समाजासाठी झटणारे होते’ यापुढे पेन सरकत नाही. आई म्हणते, चांगलं तेवढंच लिही. भाऊ म्हणतो, लिही की, लष्कराच्या भाकऱ्या भाजण्यात जन्म गेला म्हणून. मला दोघांचंही पटतं, हीच अडचण. बाबांच्या कपाटात रक्तदानाची कार्डं, मंडळाच्या सभांच्या वह्या, पगाराच्या चिठ्ठ्या सगळं तसंच आहे. उघडायचा धीर होत नाही. आठ महिन्यांनंतरही असं होणं बरोबर आहे का? चुकत असेन तर माफ करा.

ता. क. एक उगाच आठवलं. बाबा घरी आले की आम्ही दोघं त्यांच्या हाताकडे बघायचो. गाडीची किल्ली टेबलावर ठेवली तर पाच मिनिटांत परत जाणार. खिळ्याला अडकवली तर आज घरी.

तुमची,
थोरली

*

प्रिय थोरली,

ताई म्हटलंस, तर मीही तुला ‘तू’च म्हणते.

आधी त्या हेव्याचं बघू, कारण त्यापायी तू एका पत्रात दोनदा माफी मागितलीस. शोकसभेत मुलांचं जे होतं ते फारसं कुणी बोलत नाही. लोक मनापासून सांगतात, ‘माझ्या मुलीच्या ऑपरेशनच्या रात्री ते बाहेर बाकावर बसून होते,’ आणि आपण मनात हिशेब मांडू लागतो. ती रात्र कोणत्या वर्षातली? तेव्हा मी कितवीत होते? त्या आठवड्यात मला ताप होता का? मला विचारशील तर हा हिशेब मांडावाच. अडचण एवढीच, की तुझ्याकडे त्याची एकच बाजू लिहिलेली आहे: बाबा घरी नव्हते ते तास. ते तास गेले कुठे, हे त्या अकरा जणांना माहीत आहे. आणि ते तास आले कुठून, हे एका माणसाला माहीत आहे, जिला अजून कुणी विचारलेलं दिसत नाही. तिच्याकडे पुढे येते.

तुझं अडलेलं वाक्य घेऊ. त्यात खोटं काही नाही. पण त्यातलं ‘माझे बाबा’ काढून दुसऱ्या कुणाच्याही वडिलांचं नाव घाल, वाक्य तसंच्या तसं उभं राहतं. म्हणून तुझं पेन थांबतं. ते तुझ्यापेक्षा प्रामाणिक आहे म्हण. ‘कष्टाळू’ हा शब्द वाचून कुणाच्या डोळ्यांसमोर काही येत नाही. बाबा किती वाजता उठायचे? कधी रात्रपाळी आली आणि ते दिवसा झोपले, तर घरात कुणी आवाज करायचा नाही, असा नियम होता का, आणि तो मोडल्यावर काय व्हायचं? हिशेबाच्या वह्या घरी आणायचे का? आकड्यांची बेरीज करताना ओठ हलायचे का? एवढं लिहिलंस की ‘कष्टाळू’ लिहायची गरजच उरत नाही. माझा तर सरळ नियम आहे: स्मरणलेखातली विशेषणं पहिल्या खर्ड्यात बिनधास्त येऊ द्यावीत, आणि दुसऱ्या खर्ड्यात प्रत्येकाला विचारावं, ‘कधी? कुठे? कशावरून?’ उत्तर मिळालं तर उत्तर ठेवावं आणि विशेषण काढावं. उत्तर नाही मिळालं तरी विशेषण काढावंच.

उत्तरं कपाटात आहेत, आणि माणसांकडे.

कपाट आधी. रक्तदानाच्या कार्डापासून सुरुवात कर, कारण तो कागद सगळ्यांत कमी रडवतो. तारखा, बस. पण त्या तारखा नीट वाच. एकदा पूर्ण रक्त दिल्यावर पुन्हा देण्याआधी ठरावीक काळ थांबावंच लागतं. काही देशांत ते अंतर 56 दिवसांचं आहे, काही ठिकाणी पुरुषांसाठी 3 महिन्यांचं. समज, 3 महिन्यांच्या हिशेबाने कार्डांवर 40 नोंदी निघाल्या, तर एकही खेप न चुकवता देणाऱ्याचीही ती जवळपास 10 वर्षं झाली. मग मधल्या मोकळ्या जागा बघ. एखाद्या वर्षी नोंदच नाही, असं का? आजारी होते? कामावर काही बिनसलं होतं? की त्या वर्षी तुझा भाऊ जन्मला? ओळीत पडलेला खंड पुष्कळदा ओळीपेक्षा जास्त सांगतो. तीच तारीख पगाराच्या चिठ्ठीशी ताडून बघ, त्या महिन्यात जादा पाळ्या किती आहेत ते बघ. रक्त दिलं त्याच दिवशी पाळीही केली असेल, तर ‘कष्टाळू’ आणि ‘समाजासाठी झटणारे’ हे दोन्ही शब्द एका तारखेत मावले.

मंडळाच्या सभांच्या वह्या मात्र सावकाश वाच. इतिवृत्ताची भाषा कोरडीठाक असते: ‘चर्चा झाली, सर्वानुमते ठरले.’ सर्वानुमते ठरण्याआधी कोण उठून गेलं, ते तिथे लिहिलेलं नसतं. बाबांनी काय काय काम अंगावर घेतलं याची यादी तुला मिळेलच. मला विचारशील तर तू हे शोध की त्यांनी कोणत्या गोष्टीला विरोध केला. हो म्हणणारा माणूस सगळ्यांना आवडतो. तो नाही कशाला म्हणाला, यावरून तो कोण होता ते कळतं.

आता माणसं. इथे मी स्वतः तोंडावर आपटलेली आहे, म्हणून जरा लांबण लावते. माझे वडील गेले तेव्हा मीही वही घेऊन त्यांच्या सोबत्यांकडे गेले आणि सगळ्यांना एकच प्रश्न विचारला: ‘ते कसे होते?’ सगळ्यांनी एकच उत्तर दिलं: ‘देवमाणूस.’ चौदा जण, चौदा वेळा देवमाणूस. वही मिटून मी घरी आले. चूक त्यांची नव्हती. ‘कसे होते’ असं विचारलं की माणूस प्रमाणपत्र लिहायला बसतो. पुढे कधीतरी त्यांच्यातल्याच एकाशी सहज बोलताना मी विचारलं, रात्री रुग्णाच्या नातेवाइकांबरोबर बसायचात तेव्हा झोप येऊ नये म्हणून काय करायचात? तो हसला आणि म्हणाला, ‘तुमचे वडील गाणी म्हणायचे. इतकी बेसूर, की झोप यायची हिंमत नव्हती.’

मी वडिलांना कधी गाताना ऐकलं नव्हतं. एकदाही नाही. तुझ्या हेव्यासारखंच काहीतरी माझ्याही पोटात गोळा होऊन आलं. घरी येऊन आईला सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘मलाही नाही ऐकवलं कधी.’ मग आम्ही दोघी हसत सुटलो, आणि हसता हसता तिने त्यांच्यावरचा तीस वर्षांचा राग मला सांगितला. तो राग मी कुठे छापला नाही. पण तो ऐकल्यावरच मला त्यांच्याविषयी लिहिता आलं.

तेव्हा असं विचार: बाबांना तुम्ही पहिल्यांदा पाहिलंत ते कुठे? त्यांच्या हातात काय होतं? ते कशावर चिडायचे? कोणतं काम त्यांना जमायचं नाही? तुमचं आणि त्यांचं कधी वाजलं का? प्रत्येकाला एकट्याने गाठ. चौघं एकत्र बसले की सगळ्यांत मोठ्या आवाजाची आठवण जिंकते आणि बाकीचे माना डोलावतात. शक्य झालं तर हे स्मरणिका निघण्याआधी कर. फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने 1932 मध्ये दाखवलं होतं की आठवण ही कपाटात ठेवलेल्या वस्तूसारखी नसते. दर वेळी सांगताना माणूस ती नव्याने जुळवतो, अनोळखी भाग गाळतो आणि ओळखीचा भरतो. छापील मजकूर एकदा वाचला की लोक तोच आपला म्हणून सांगू लागतात. दोन जणांच्या सांगण्यात फरक निघाला तर दोन्ही लिहून ठेव, निवाडा करत बसू नकोस.

बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित कर, अर्थात विचारून. सुरुवातीला तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव स्वतःच्या आवाजात घे, आणि त्याच दिवशी प्रत दुसरीकडे ठेव. जुन्या फोटोंमागे माणसांची नावं लिहायची तर मऊ पेन्सिलने, अगदी हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई पाझरते. काही छापील पावत्या उष्णतेने उमटवलेल्या असतात, त्या काही वर्षांत कोऱ्या होतात. तशा सापडल्या तर आजच फोटो काढ.

एक मात्र कडकपणे सांगते. बाबांनी ज्यांना मदत केली त्यांची नावं आणि अडचणी त्यांना विचारल्याशिवाय छापायच्या नाहीत. शोकसभेत एखाद्याने स्वतःहून सांगितलं असेल, ‘माझी फी त्यांनी भरली.’ भावनेच्या भरात चाळीस माणसांपुढे बोलणं वेगळं आणि ते कागदावर कायमचं राहणं वेगळं. त्याच्या मुलांनी ते वाचावं असं त्याला वाटतं का, हे तू कसं ठरवणार? कदाचित बाबांनी घरीसुद्धा या गोष्टी सांगितल्या नाहीत त्याचं हेच कारण असेल. ‘त्यांनी मला काहीच सांगितलं नाही’ हे तुझं दुःख आणि ‘त्यांनी कुणाचं काहीच कुणाला सांगितलं नाही’ हा त्यांचा स्वभाव, दोन्ही एकाच गोष्टीविषयी असू शकतं. असेलच असं म्हणत नाही. काही वडील थकून गप्प असतात, एवढंच.

आता ती जिला कुणी विचारलं नाही.

आई म्हणते, चांगलं तेवढंच लिही. तू याचा अर्थ ‘लोक काय म्हणतील’ असा घेतलेला दिसतो. मला वेगळी शंका आहे. मध्यरात्री दारावर थाप पडायची, बाबा जायचे. मग घरात कोण उरायचं? सकाळी शाळेची तयारी कुणी केली, म्हाताऱ्या माणसांची औषधं कुणी दिली, पाहुण्यांना ‘येतीलच एवढ्यात’ असं कुणी आणि किती वेळा सांगितलं? बाबांनी समाजाला जे तास दिले, त्यातले पुष्कळसे आईच्या खात्यातून काढलेले होते. 1989 मध्ये आर्ली हॉकशील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी नोकरी करून घरी आलेल्या बायका घरातलं जे काम करतात त्याला ‘दुसरी पाळी’ म्हटलं. तुझी आई नोकरी करत होती की नाही ते तू लिहिलेलं नाहीस (आणि लिहायचं राहून गेलं, हेही जरा बघ). पण बाबांच्या तीन पाळ्यांमागे तिची एक अखंड पाळी होती, हे नक्की. त्या पाळीची चिठ्ठी कुणी देत नाही, म्हणून ती कपाटात सापडणार नाही.

आणि म्हणून तिला तुझ्या लेखाची भीती वाटत असेल. बाबांचं काम म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या, असं ठरलं, तर तिची सगळी वर्षंही त्याच चुलीत गेली असं होतं. तुझा भाऊ बाबांवर बोलतो तेव्हा घाव तिच्यावरही बसतो, त्याला ते कळत नसेल. तिला ‘बाबांबद्दल सांग’ असं म्हणू नकोस, ती पुन्हा चांगलं तेवढंच सांगेल. तिला विचार, ‘ते रात्री गेले की तू काय करायचीस? दार आतून लावायचीस की नुसतं ओढून घ्यायचीस? जागी राहायचीस?’ ‘तुला कधी वाटलं का, की आज जाऊ नयेत?’ हा प्रश्न शेवटी विचार, आणि विचारून झाल्यावर गप्प बस. उत्तर यायला वेळ लागेल. मध्येच बोलून तिची सुटका करू नकोस.

भावाला लेखातलं अर्धं पान दे. खरंच दे, त्याच्या नावाने. तो तुझ्याहून लहान, त्यामुळे त्याच्या वाट्याला आलेले बाबा वेगळे होते. कदाचित तुझ्या लहानपणी मंडळ छोटं होतं, त्याच्या वेळेपर्यंत वाढलेलं. ‘तक्रार लिही’ असं त्याला सांगू नकोस. ‘बाबा घरी असायचे त्या एका दिवसाबद्दल लिही’ असं सांग. तो म्हणेल, असा दिवसच नव्हता. मग त्याने तेच लिहावं.

तक्रारीचं काय करायचं? माझं मत, ती लेखात यावी, पण मापाने. आधी एक खर्डा फक्त स्वतःसाठी लिही, त्यात सगळं येऊ दे: राहून गेलेली स्नेहसंमेलनं, विसरलेले वाढदिवस, दुसऱ्यांच्या मुलांना मिळालेला वेळ. तो कुणाला दाखवू नकोस. मग छापायच्या खर्ड्यासाठी त्यातलं तेवढंच उचल, जे तू बाबांसमोर बसून, त्यांच्याकडे बघून बोलू शकली असतीस. काही गोष्टी तेव्हाही बोलली असतीस. त्या ठेव. पुत्रीधर्म म्हणून सगळं गिळून टाकलंस तर लेख गुळगुळीत होईल, आणि ज्यांनी बाबांना जवळून पाहिलं ते म्हणतील, हे आमचे ते नव्हेतच. मंडळाच्या माणसांना बाबा चिडलेले, दमलेले, चुकलेले ठाऊक आहेत. संकोच फक्त घरच्यांना वाटतो.

तू विचारलंस, आठ महिन्यांनंतर असं होणं बरोबर आहे का. दुःखाच्या पाच पायऱ्या असतात आणि त्या ओळीने चढायच्या असतात, असं तू कुठेतरी ऐकलं असशील. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी त्या 1969 मध्ये मांडल्या त्या स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटवल्या गेल्या. तेव्हा ‘मी अजून तिसरीवरच कशी’ हा प्रश्न सोडून दे. मला जास्त उपयोगी वाटतं ते मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या शोकाच्या अभ्यासकांनी 1999 मध्ये मांडलेलं: माणूस गेलेल्याच्या आठवणीत जातो, मग रोजच्या कामात परत येतो, पुन्हा जातो, आणि हे येणं-जाणंच निरोगी असतं. कपाट एक तास उघडायचं, मग बंद करून कामाला लागायचं, यात पळपुटेपणा काही नाही. पहिल्या दिवशी नुसती किल्ली फिरवून बघितलीस तरी चालेल.

आणि बाबांना ‘सोडून देण्याची’ घाई नको. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने 1917 मध्ये लिहिलं होतं की शोक म्हणजे गेलेल्या माणसात गुंतलेलं मन थोडं थोडं करून सोडवून घेणं. 1920 मध्ये त्याची मुलगी सोफी वारली. 1929 मध्ये, ती असती तर 36 वर्षांची झाली असती त्या दिवशी, त्यानेच एका मित्राला पत्र लिहिलं की अशा माणसाची जागा भरून निघत नाही, आणि तसंच असायला हवं. म्हणजे सिद्धांत मांडणाऱ्या बापालाही तो सिद्धांत पुरला नाही. 1996 मध्ये डेनिस क्लास या अभ्यासकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठामपणे मांडलं की गेलेल्याशी नातं संपवावं लागत नाही, ते बदलून चालू राहतं. तुझं तर अजून बदलायचंही बाकी आहे. अर्धे बाबा तुला आत्ता भेटताहेत.

फक्त एवढं बघ: झोप, जेवण, काम हे सगळं कोलमडलं असेल, जगण्यात अर्थ नाही असं रोज वाटत असेल, ओढ कमी व्हायच्या ऐवजी तशीच तीव्र असेल, तर डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोल. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात लांबलेल्या शोकासाठी किमान 6 महिन्यांची मर्यादा धरली आहे, अमेरिकन मानसोपचार संघटनेने 2022 मध्ये प्रौढांसाठी 12 महिन्यांची. तुझ्या पत्रावरून तसं वाटत नाही. हेवा वाटतो, लिहायचं अडतं, कपाटाची भीती वाटते, एवढ्यावरून कुणी आजारी ठरत नाही.

राहिलं ते अडलेलं पहिलं वाक्य. ते तू मला पाठवलंयस. लेखासाठी तीनदा बसलीस तेव्हा सुचलं नाही, आणि पत्र संपल्यावर ‘उगाच आठवलं’ म्हणून ताजा कलमात टाकून दिलंस. टेबल आणि खिळा. दोन मुलं वडिलांच्या हाताकडे बघताहेत. त्यात कारखाना आहे, मंडळ आहे, घर आहे, तुझी तक्रार आहे आणि तुझी वाट बघणंही आहे. त्या अकरा जणांपैकी एकालाही ही गोष्ट ठाऊक नाही. तिथून सुरू कर, आणि पुढचं वाक्य सुचलं नाही तर आईला विचार की ती किल्ली आत्ता कुठे आहे.

तुझी,
ताई